युद्धेतिहास आणि राजनय

युद्धेतिहास आणि राजनय : युद्धाची पूर्वतयारी, संचालन, परिणाम व समाप्ती यांचा साधनांच्या आधारे केलेला अभ्यास म्हणजे युद्धेतिहास आणि राष्ट्राराष्ट्रांतील व्यवहार वाटाघाटींच्या मार्गाने चालविण्याची पद्धती म्हणजे राजनय. या दोहोंचा संबंध निकटचा असला, तरी त्यांचा अभ्यास दीर्घकाळ वेगवेगळ्या ठिकाणी होत आला. लढायांचा इतिहास सैनिकी विद्यालयांत शिकविला जाई. तह, करार व वकिलातींचा पत्रव्यवहार हे विद्यापीठांतील अभ्यासाचे विषय असत. मूळ कागदपत्रेही संरक्षणखाते आणि परराष्ट्रखाते अशा दोन दप्तरांत विभागलेली असत. परिणामी एखाद्या मोहिमेने वाटाघाटींना कोणते वळण दिले किंवा एखाद्या खलित्याने सेनापतीचे हात कसे बांधले, हा प्रश्न दोन्ही अभ्यासांच्या सीमेवर पडून राहिला. आधुनिक युद्धेतिहासकाराचे खरे कार्यक्षेत्र तेथे सुरू होते. पलटणींच्या हालचाली, शस्त्रास्त्रे, रसद व भूप्रदेश यांचे ज्ञान त्याला आवश्यक असतेच. परंतु त्या हालचाली कोणत्या राजकीय हेतूने झाल्या, तो हेतू सेनापतीला कितपत ठाऊक होता आणि लढाईचा निकाल वाटाघाटींच्या मेजावर कसा वटविला गेला, हे सांगता आले नाही, तर त्याचे लेखन रणवर्णनापलीकडे जात नाही.

विकास : पेलोपनीशियन युद्धाचा इतिहास लिहिणारा थ्यूसिडिडीझ हा स्वतः अथेन्सचा सेनापती होता आणि अँफिपोलिस गमावल्यामुळे त्याला हद्दपारी भोगावी लागली. लढायांइतकीच दूतांची व नगरसभांतील भाषणांची दखल त्याने घेतली. पुढे मात्र युद्धवर्णने बहुधा राजे व सेनापती यांच्या गौरवार्थ लिहिली गेली. युद्ध व राजकारण यांच्या संबंधाला तात्त्विक बैठक दिली ती कार्ल फोन क्लाउझेव्हिट्स (१७८०–१८३१) या प्रशियन सेनाधिकाऱ्याने. त्याचा युद्धविषयक ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १८३२ पासून त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. युद्ध हे राजकारणाचेच एक साधन असून युद्धाला स्वतःची भाषा असली, तरी स्वतःचे स्वतंत्र प्रयोजन नसते, हा त्याच्या विवेचनाचा गाभा होय. हा ग्रंथ ज्यांनी शिरोधार्य मानला, त्या जर्मन सेनाधिकाऱ्यांनीच त्यातील हा गाभा सोयीस्करपणे बाजूस ठेवला.

युद्धेतिहासाला शास्त्रशुद्ध चिकित्सेची शिस्त लावण्याचे श्रेय हान्स डेलब्र्यूक (१८४८–१९२९) या बर्लिन विद्यापीठातील प्राध्यापकास द्यावे लागते. राजकीय इतिहासाच्या चौकटीत युद्धकलेचा इतिहास मांडणारा त्याचा ग्रंथ १९०० ते १९२० या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाला. जुन्या ग्रंथांतील विधाने प्रत्यक्षात शक्य कोटीतील होती काय, ही त्याची कसोटी होती. झर्क्सीझच्या सैन्याविषयी हीरॉडोटसने दिलेला, सेवकवर्ग धरून चाळीस लाखांहून अधिक भरणारा आकडा त्याने केवळ हिशोबाने खोडून काढला. तीस हजारांच्या जर्मन सैन्यविभागाला कूच करताना रस्त्याची किती लांबी लागते, हे ज्ञात होते. त्या प्रमाणाने इराणी सैन्याचे तोंड थर्मॉपिलीस पोहोचले असता, त्याचे शेपूट टायग्रिसपलीकडील सूसा येथून नुकतेच निघत असले पाहिजे. प्राचीन ग्रंथ कोणताही असो, माणसे, बैल आणि रस्ते यांचा हिशोब बदलत नाही, ही दृष्टी येथून रूढ झाली.

शत्रूसैन्याचा एका निर्णायक लढाईत संहार करणे आणि लढाई, वेढे, नाकेबंदी व वाटाघाटी यांच्या मिश्रणाने शत्रूला थकविणे, अशा दोन प्रकारच्या युद्धनीती डेलब्र्यूकने वेगळ्या केल्या व फ्रीड्रिख द ग्रेट हा दुसऱ्या प्रकारात मोडतो असे प्रतिपादिले. जर्मन जनरल स्टाफला हे रुचले नाही. संहारनीती हीच प्रशियाची परंपरा, असे तेथे शिकविले जात होते. वरकरणी हा वाद अठराव्या शतकाविषयी होता. पण पहिल्या महायुद्धात तोच प्रश्न जर्मनीसमोर उभा राहिला. डेलब्र्यूकने बेल्जियमवरील हक्क जाहीरपणे सोडून तडजोडीचा तह करावा, असे लिहिले. लुडेनडॉर्फने १९१८ च्या वसंतात संहारनीतीचा अखेरचा डाव टाकला व तो हरला. युद्धानंतर जर्मन संसदेने नेमलेल्या चौकशी समितीपुढे डेलब्र्यूकने त्या मोहिमेवर परखड साक्ष दिली. इतिहासकाराची साक्ष सेनापतीच्या विरुद्ध नोंदली गेली, असे हे आधुनिक काळातील लक्षणीय उदाहरण आहे.

बिस्मार्क व मोल्टके : विजय कोठे थांबवावा, हा युद्ध व राजनय यांच्यातील सर्वांत अवघड प्रश्न होय. ३ जुलै १८६६ रोजी कनिखग्रेट्स येथे ऑस्ट्रियाचा पराभव झाल्यावर प्रशियाचा राजा व त्याचे सेनाधिकारी व्हिएन्नावर चालून जाण्यास उत्सुक होते. पंतप्रधान बिस्मार्कने त्यास कसून विरोध केला. फ्रान्सने मध्ये पडण्यापूर्वी तह उरकणे आणि ऑस्ट्रियाला कायमचा वैरी न करणे, हे त्याचे दोन हेतू होते. २६ जुलै रोजी निकोल्सबुर्ग येथे प्राथमिक तह झाला. प्रशियाने ऑस्ट्रियाचा स्वतःसाठी कोणताही मुलूख घेतला नाही. याचे फळ चार वर्षांनी मिळाले : १८७० मध्ये फ्रान्सशी युद्ध जुंपले, तेव्हा ऑस्ट्रिया तटस्थ राहिला.

फ्रान्सविरुद्धच्या युद्धात मात्र हा मेळ बिघडला. २ सप्टेंबर १८७० रोजी सेदान येथे तिसरा नेपोलियन सु. एक लाख सैन्यासह शरण आला. नेहमीच्या हिशोबाने युद्ध तेथे संपावयास हवे होते. पण पॅरिसमध्ये क्रांती होऊन नव्या शासनाने लढा चालू ठेवला. ज्याच्याशी तह करावा असे शासनच शत्रुपक्षात उरले नाही, तर विजयाचे करावयाचे काय, हा पेच बिस्मार्कपुढे प्रथमच आला. सेनाप्रमुख मोल्टके याला फ्रान्सचा संपूर्ण पाडाव हवा होता व युद्ध चालू असेपर्यंत राजकारण्यांनी लष्करी बाबींपासून दूर राहावे, असे त्याचे मत होते. युद्ध लांबल्यास इतर सत्ता हस्तक्षेप करतील, या धास्तीने बिस्मार्क पॅरिसवर तोफांचा मारा लवकर सुरू करावा असा आग्रह धरीत होता. म्हणजे मुत्सद्दी तोफा मागत होता आणि सेनापती सबुरी सांगत होता. २५ जानेवारी १८७१ रोजी राजाने चान्सेलरच्या बाजूने आज्ञा दिल्या आणि तीनच दिवसांनी शस्त्रसंधी झाली. फ्रँकफुर्टच्या तहाने (१० मे १८७१) आल्सेस व लॉरेनचा काही भाग जर्मनीने घेतला आणि ५ अब्ज फ्रँक खंडणी लादली. १८६६ मध्ये दाखविलेला संयम येथे दिसत नाही. मायकेल हॉवर्ड या ब्रिटिश इतिहासकाराने १९६१ मध्ये या युद्धावर लिहिलेल्या ग्रंथात सैन्यसंघटना, रेल्वे, राजकारण व जनमत हे सर्व धागे एकत्र गुंफले आहेत. पुढील पिढीच्या युद्धेतिहासकारांना तो नमुन्यादाखल ठरला.

१९१४ चा जुलै : सैनिकी योजनेने राजनय कसा गिळला, याचे उदाहरण म्हणून पहिल्या महायुद्धापूर्वीच्या आठवड्यांचा उल्लेख नेहमी केला जातो. जर्मनीचा सेनाप्रमुख श्लीफेन (कार्यकाल १८९१–१९०६) याने सेवानिवृत्तीच्या सुमारास फ्रान्सवर बेल्जियममार्गे प्रचंड वळसा घालून हल्ला करण्याचे टिपण तयार केले. बेल्जियमच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या लंडन कराराने प्रशियासह सर्व मोठ्या सत्तांनी दिलेली होती. म्हणजे युद्ध पूर्वेकडे भडकले, तरी पहिला घाव पश्चिमेकडे व तोही एका तटस्थ राष्ट्रावर पडणार आणि त्यामुळे ब्रिटन युद्धात ओढले जाणार, हे योजनेतच अनुस्यूत होते. केवळ पूर्वेकडे सैन्य एकवटण्याची पर्यायी योजना जनरल स्टाफने १९१३ मध्ये बंद करून टाकली होती. ल्येझ या बेल्जियन किल्ल्यावर तातडीने झडप घालावयाची आहे, याची कल्पना चान्सेलर बेथमान-होलवेक यास ३१ जुलै १९१४ पर्यंत नव्हती, असे आढळते. १ ऑगस्ट रोजी ब्रिटन व फ्रान्स तटस्थ राहण्याचा संभव दर्शविणारी तार लंडनहून आली, तेव्हा कैसरने सर्व सैन्य पूर्वेकडे वळवावे असे सुचविले. धाकट्या मोल्टकेने ते अशक्य असल्याचे सांगितले. हजारो आगगाड्यांचे वेळापत्रक एका रात्रीत बदलता येत नाही, हे त्याचे उत्तर होते. तार गैरसमजातून आली होती, हे काही तासांतच उघड झाले. पण रेल्वे विभागाचा माजी प्रमुख श्टाब याने १९२५ मध्ये स्वतंत्र ग्रंथ लिहून तसा बदल शक्य होता, असे प्रतिपादिले. रशियातही प्रश्न याच स्वरूपाचा होता. झारला केवळ ऑस्ट्रियाविरुद्ध आंशिक सैन्यसिद्धता हवी होती. तशी योजनाच तयार नसल्याचे सेनापतींनी सांगितले आणि ३० जुलै रोजी सर्वंकष सैन्यसिद्धतेची आज्ञा निघाली.

या विषयावरील मतांचा इतिहासही उद्बोधक आहे. श्लीफेनच्या टिपणाचा पूर्ण पाठ गेरहार्ट रिटर याने १९५६ मध्ये प्रसिद्ध केला व दोष सैनिकशाहीवर ठेवला. ब्रिटिश इतिहासकार ए. जे. पी. टेलर याने १९६९ मध्ये युद्धाचे खापर वेळापत्रकावरच फोडले. याउलट फ्रिट्स फिशरने १९६१ मध्ये जर्मन शासनाची विस्तारवादी उद्दिष्टे कागदपत्रांनिशी उघड करून राजकीय नेतृत्वाला जबाबदार धरले. श्लीफेनची ‘योजना’ म्हणून काही अस्तित्वात नव्हते, असा पक्षही १९९९ नंतर टेरेन्स झूबर याने मांडला व त्यावर दीर्घ वाद झाला. वेळापत्रकाची उपपत्ती आकर्षक असली, तरी ती अपुरी वाटते. योजना आपोआप तयार होत नाहीत. दुसरी योजना ठेवू नये असा निर्णयही कोणीतरी घेतलेला असतो आणि ती ठेवली आहे काय, असे न विचारणारे मंत्रीही त्यात सहभागी असतात.

साधने व त्यांची चिकित्सा : पलटणींच्या युद्धरोजनिशा, आज्ञापत्रे, बिनतारी संदेश, नकाशे, जखमी व मृतांच्या याद्या, रसदखात्याच्या नोंदी, वकिलातींच्या तारा, मंत्रिमंडळाच्या बैठकींची इतिवृत्ते आणि खाजगी रोजनिशा ही युद्धेतिहासाची प्रमुख साधने होत. यांतील प्रत्येक साधनाला स्वतःची खोड असते. आज्ञेला तीन वेळा असतात : ती निघाल्याची, पोहोचल्याची व अंमलात आल्याची. या वेळा जुळवून पाहिल्याशिवाय सेनापतीने कोणता निर्णय कोणत्या माहितीवर घेतला, हे कळत नाही. ‘त्याला हे कळावयास हवे होते’ अशी पश्चातबुद्धीची विधाने बहुधा वेळा न तपासल्यामुळे होतात. शत्रूच्या हानीचे आकडे तर शत्रूच्याच दप्तरात तपासावे लागतात. १५ सप्टेंबर १९४० रोजी जर्मनीची १८५ विमाने पाडल्याचे ब्रिटनने जाहीर केले होते. युद्धानंतर जर्मन नोंदी पाहता हा आकडा सु. ६० भरला. वैमानिक खोटे बोलत होते असे नाही. एकाच विमानावर चौघांनी गोळ्या झाडल्या की ते चार वेळा पडत असे.

सेनापतींच्या आठवणी हे सर्वांत वाचनीय व म्हणूनच सर्वांत धोक्याचे साधन होय. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सेनेच्या इतिहास विभागाने माजी जर्मन सेनाधिकाऱ्यांकडून शेकडो वृत्तांत लिहवून घेतले. त्यांचा सूत्रधार हिटलरचा पूर्वीचा सेनाप्रमुख हाल्डर हाच होता. मानश्टाइनसारख्यांच्या आत्मचरित्रांची त्यात भर पडली. सर्व घोडचुका हिटलरच्या आणि सर्व कौशल्य सेनापतींचे, असे चित्र त्यातून रूढ झाले. पूर्व आघाडीवरील अत्याचारांतील सेनेचा सहभाग झाकला गेला व सोव्हिएट सेनेच्या युद्धकौशल्याला न्याय मिळाला नाही. रशियन दप्तरे काही प्रमाणात खुली झाल्यावर, म्हणजे १९९१ नंतर, हे चित्र पुष्कळसे दुरुस्त झाले. साधनच दडलेले असेल, तर काय होते याचा दाखला सांकेतिक लिपीविषयीच्या गुपिताने दिला. जर्मनीचे एनिग्मा यंत्रावरील संदेश ब्रिटन वाचीत असे, ही गोष्ट १९७४ मध्ये जगजाहीर झाली. चर्चिलच्या सहा खंडांच्या युद्धेतिहासात तिचा उल्लेख नाही. तीस वर्षे लिहिल्या गेलेल्या मोहिमांच्या इतिहासांत सेनापतींच्या अंतर्ज्ञानास दिलेले कित्येक यश वस्तुतः संदेशवाचकांचे होते.

राजनयाच्या बाबतीत दडवादडवी अधिक हेतुपूर्वक होते. सुएझ प्रकरणी ब्रिटन, फ्रान्स व इझ्राएल यांनी ऑक्टोबर १९५६ मध्ये सेव्हर येथे गुप्त करार केला. पंतप्रधान ईडनने त्याच्या ब्रिटिश प्रती नष्ट करविल्या व उरलेल्या परत मिळविण्यासाठी अधिकारी पॅरिसला धाडले; परंतु इझ्राएलची प्रत टिकली व कालांतराने प्रसिद्ध झाली.

इतिहासाचे दाखले व निर्णय : मुत्सद्दी व सेनापती हे इतिहासाचे सर्वांत उतावीळ वाचक असतात. समोरचा प्रसंग कोणत्या पूर्वप्रसंगासारखा आहे, एवढेच त्यांना हवे असते. म्यूनिक येथे १९३८ मध्ये हिटलरपुढे घेतलेल्या माघारीचा धडा ट्रूमनने १९५० मध्ये कोरियाला आणि ईडनने १९५६ मध्ये नासरला लावला. ईजिप्तच्या अध्यक्षाने कालव्याचे राष्ट्रीयीकरण करणे व जर्मनीने मध्य यूरोप गिळणे यांतील अंतर त्यामुळे दिसेनासे झाले. अर्नेस्ट मे या अमेरिकन इतिहासकाराने १९७३ मध्ये अशा दाखल्यांच्या गैरवापरावर ग्रंथ लिहिला. पूर्वप्रसंगाशी असलेले साम्य शोधण्यापूर्वी भेद मोजावेत, अशी या पंथाची शिकवण आहे.

क्यूबातील क्षेपणास्त्रांच्या पेचप्रसंगात (१६–२८ ऑक्टोबर १९६२) एक वेगळाच दाखला उपयोगी पडला. बार्बरा टकमन हिचा ऑगस्ट १९१४ वरील ग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता व तो अध्यक्ष केनेडीच्या वाचनात आला होता. न समजता, न इच्छिता राष्ट्रे युद्धात घसरत जातात, हा त्याचा आशय केनेडीच्या मनात होता. सेनादलप्रमुखांचा सल्ला क्यूबावर हवाई हल्ला व स्वारी करावी असा होता. केनेडीने नाविक नाकेबंदीचा मार्ग स्वीकारला. तुर्कस्तानातील अमेरिकन क्षेपणास्त्रे काढून घेण्याचे गुप्त आश्वासन देऊन पेच सुटला. रॉबर्ट केनेडीच्या मरणोत्तर आठवणींचे संपादन करताना या देवाणघेवाणीचा स्पष्ट उल्लेख आपण गाळला, अशी कबुली सोरेन्सन याने १९८९ मध्ये दिली. मधली वीस वर्षे ‘ठाम राहिले की शत्रू माघार घेतो’ असाच धडा या प्रकरणातून शिकविला जात होता. त्याहून गंभीर गोष्ट जानेवारी १९९२ मध्ये हाव्हॅना येथील परिषदेत उघड झाली : बेटावर मोठ्या क्षेपणास्त्रांखेरीज रणांगणी वापराची सोव्हिएट अण्वस्त्रेही होती आणि स्वारीचा सल्ला देणाऱ्यांना त्यांचा पत्ता नव्हता. तो सल्ला मानला गेला असता तर काय झाले असते, हे सांगण्यास इतिहासकाराची गरज नाही. तो सल्ला अपुऱ्या माहितीवर पूर्ण आत्मविश्वासाने दिला गेला, हे दाखविण्यास आहे.

संस्था व सल्लागार : दुसऱ्या महायुद्धानंतर विद्यापीठांतून या विषयाला स्थान मिळाले, त्यात मायकेल हॉवर्ड (१९२२–२०१९) याचा वाटा मोठा आहे. इटलीतील मोहिमेत लढलेल्या हॉवर्डने लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्धविषयक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग उभारला. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या लंडनच्या सामरिक अभ्याससंस्थेच्या संस्थापकांतही तो होता. पीटर पॅरेटसह त्याने केलेले क्लाउझेव्हिट्सचे इंग्रजी भाषांतर १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धेतिहास विस्ताराने, खोलीने आणि संदर्भासह वाचावा, हे त्याने १९६१ च्या व्याख्यानात सांगितलेले त्रिसूत्र सैनिकी विद्यालयांतून अद्यापि शिकविले जाते. पैकी संदर्भ म्हणजे युद्धाची सामाजिक, आर्थिक व राजनैतिक पार्श्वभूमी होय.

त्याच परंपरेतील लॉरेन्स फ्रीडमन याने फॉकलंड युद्धाचा अधिकृत इतिहास २००५ मध्ये दोन खंडांत लिहिला. २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने आर्जेंटिनाची ‘जनरल बेलग्रानो’ ही युद्धनौका निषिद्ध क्षेत्राबाहेर बुडविली व ३२३ माणसे मृत्युमुखी पडली. पेरूने मांडलेली शांतता-योजना उधळण्यासाठीच हे केले गेले, असा आरोप अनेक वर्षे होत होता. आज्ञा व तारा यांच्या वेळा जुळवून, आज्ञा निघाली तेव्हा ती योजना लंडनला कळलेली नव्हती, असा निष्कर्ष फ्रीडमनने काढला. इतिहासकार सल्लागार झाला म्हणजे त्याची अलिप्तता कमी होते, हेही फ्रीडमनच्याच बाबतीत दिसते. ब्रिटिश पंतप्रधान ब्लेअरच्या १९९९ च्या शिकागो येथील हस्तक्षेपविषयक भाषणास त्याने टिपण पुरविले होते आणि २००९ मध्ये इराक युद्धाच्या चौकशी समितीवर त्याचीच नेमणूक झाली. समितीने २०१६ मध्ये दिलेला अहवाल ब्रिटिश शासनावर कठोर टीका करणारा आहे, ही गोष्ट येथे नोंदविली पाहिजे.

भारतातील अभ्यास : मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत युद्ध व राजनय मुळातच विलग नाहीत. दरबारोदरबारी असलेल्या वकिलांच्या पत्रांत फौजांची संख्या, चाऱ्याचा भाव आणि तहाची बोलणी एकाच कागदावर सापडतात. सुरेंद्रनाथ सेन यांनी मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवर (१९२८) आणि त्र्यं. शं. शेजवलकर यांनी पानिपतावर (इंग्रजी १९४६, मराठी १९६१) केलेले लेखन या दृष्टीने महत्त्वाचे आहे. सुरजमल जाटाचे दूर होणे व शुजाउद्दौल्याचे अब्दालीस मिळणे यांचा विचार न करता पानिपतचा निकाल समजत नाही. जानेवारी १७७९ मध्ये वडगाव येथे कोंडीत सापडलेल्या मुंबईकर इंग्रजांनी केलेला करार त्यांच्या वरिष्ठांनी, आपल्या अधिकाऱ्यांना तसा अधिकारच नव्हता, या सबबीवर फेटाळला. रणांगणावर सही करणाऱ्याचा अधिकार आधी तपासावा, हा धडा पुढे सालबाईच्या वाटाघाटींत (१७८२) उपयोगी पडला.

स्वातंत्र्योत्तर काळात दुसऱ्या महायुद्धातील भारतीय सेनांचा इतिहास बिशेश्वर प्रसाद यांच्या संपादकत्वाखाली अनेक खंडांत प्रसिद्ध झाला. तो भारत व पाकिस्तान यांच्या संयुक्त विभागाने केला; दोन्ही देश काश्मीरमध्ये लढत असतानाही हा विभाग मोडला नाही. स्वतंत्र भारताच्या युद्धांचा इतिहास लिहिण्यात मात्र तशी उदारता दिसली नाही. १९६२ च्या पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स व ब्रिगेडियर प्रे. सिं. भगत यांनी केली. चौकशीची कक्षा सैनिकी बाबींपुरती मर्यादित होती. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी सप्टेंबर १९६३ मध्ये संसदेत तिच्या निष्कर्षांविषयी निवेदन केले. अहवाल शासनाने प्रसिद्ध केला नाही. त्याचा काही भाग २०१४ मध्ये पत्रकार नेव्हिल मॅक्सवेल याने उघड केला. याच मॅक्सवेलचा १९७० चा ग्रंथ, दुसरी बाजू मांडणारी कागदपत्रे बंद असल्यामुळे, जगभर दीर्घकाळ प्रमाण मानला गेला. दप्तर बंद ठेवल्याने राष्ट्राची प्रतिष्ठा राखली जाते, या समजुतीची किंमत यावरून लक्षात यावी.

१९६५ च्या युद्धाविषयी तर निर्णयाच्या क्षणाचेच कोडे आहे. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात संयुक्त राष्ट्रांचा युद्धविरामाचा ठराव स्वीकारावा की आणखी काही दिवस लढावे, असा प्रश्न पंतप्रधान शास्त्रींपुढे होता. दारूगोळ्याचा साठा आटत आल्याचे सेनाप्रमुखांकडून त्यांना कळविण्यात आले. प्रत्यक्षात साठ्याचा अल्प भागच खर्च झाला होता, असे नंतर आढळले. २३ सप्टेंबरला लढाई थांबली. १० जानेवारी १९६६ च्या ताश्कंद करारानुसार जिंकलेली हाजी पीर खिंड परत करावी लागली. यशवंतरावांची युद्धकाळातील रोजनिशी राम प्रधान यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केली. त्या दिवसांतील मंत्रिमंडळ व सेनाधिकारी यांच्या संबंधांवर ती चांगला प्रकाश टाकते.

१९७१ चे युद्ध हे युद्ध व राजनय यांच्या सुसूत्र संचालनाचे भारतीय उदाहरण होय. सु. एक कोटी निर्वासितांचा भार, ९ ऑगस्टचा सोव्हिएट युनियनशी करार, पावसाळा ओसरण्याची व हिमालयातील खिंडी गोठण्याची प्रतीक्षा, हे सर्व एका कालगणनेत बसविले गेले. ३ डिसेंबरला युद्ध सुरू झाल्यावर सुरक्षा समितीतील युद्धविरामाचे ठराव सोव्हिएट नकाराधिकाराने अडले. ७ डिसेंबरला आमसभेत मात्र १०४ राष्ट्रांनी युद्धविरामाच्या बाजूने मत दिले. मॉस्कोचा नकाराधिकार किती दिवस पुरेल, हाच पूर्वेकडील सेनेच्या मोहिमेचा खरा कालावधी होता. १६ डिसेंबरला डाक्का येथे पाकिस्तानी सेना शरण आली. डाक्का हे प्रारंभापासून उद्दिष्ट होते काय, यावर जनरल जेकब (१९९७) व इतर सेनाधिकारी यांच्यात मतभेद आहेत. एप्रिलमध्ये पंतप्रधानांना तत्काळ स्वारी हवी होती व सेनाप्रमुख माणेकशा यांनी त्यांना थोपविले, ही लोकप्रिय कथा मुख्यतः माणेकशा यांच्या नंतरच्या कथनावर आधारलेली आहे. श्रीनाथ राघवन यांनी २०१३ च्या ग्रंथात, राजकीय नेतृत्वाचाही कल तेव्हा स्वारीकडे नव्हता, असे दाखवून तिला छेद दिला.

करारातील एखादे वाक्य सैन्याला किती महाग पडते, हे कराची कराराने (२७ जुलै १९४९) दिसून येते. काश्मीरमधील युद्धविराम रेषा एनजे ९८४२ या बिंदूपर्यंत आखून पुढे ती ‘उत्तरेस हिमनद्यांपर्यंत’ जाते, एवढेच नमूद केले गेले. तेथे माणूस जाणार नाही, हे गृहीत होते. सिमला करारानंतर १९७२ मध्ये नियंत्रण रेषा आखतानाही हा भाग तसाच राहिला. १३ एप्रिल १९८४ रोजी भारतीय सेनेने सियाचेन हिमनदीवर ठाणी उभारली आणि तेव्हापासून तेथे दगावलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांत गोळीपेक्षा थंडी, हिमलोट व विरळ हवा यांचे बळी अधिक आहेत.

कारगिल युद्धानंतर (१९९९) के. सुब्रह्मण्यम् समितीचा अहवाल काही भाग वगळून संसदेपुढे ठेवण्यात आला. युद्धेतिहासांचे संकलन व साधारणतः पंचवीस वर्षांनी कागदपत्रे खुली करणे, याविषयीचे धोरण संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये जाहीर केले.

नवी साधने : एकविसाव्या शतकात उपग्रहांची छायाचित्रे, मानवरहित विमानांचे चित्रण व सैनिकांच्या भ्रमणध्वनींवरील संदेश यांची साधनांत भर पडली आहे. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर केलेल्या आक्रमणापूर्वीची सैन्याची जमवाजमव सामान्य वाचकही अशा छायाचित्रांतून पाहू शकला. सैन्य दिसत होते, हेतू दिसत नव्हता आणि त्यावरच मुत्सद्द्यांत मतभेद होते. साधनांची विपुलता म्हणजे जतन नव्हे. इराक व अफगाणिस्तान येथील युद्धांत अनेक अमेरिकन पलटणींच्या क्षेत्रीय नोंदी ठेवल्याच गेल्या नाहीत किंवा संगणकांबरोबर नष्ट झाल्या, असे २०१२ मध्ये उघडकीस आले. दीडशे वर्षांपूर्वीच्या सेदानच्या लढाईतील तासातासाच्या हालचाली त्यामानाने अधिक निश्चितपणे सांगता येतात.